अमेरिकन फुटबॉलमधील निवडपूर्व शारीरिक चाचण्या

अमेरिकन फुटबॉलमधील निवडपूर्व शारीरिक चाचण्या म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश करू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंचा वेग, ताकद, चपळता आणि उडी मारण्याची क्षमता मोजण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रमाणित चाचण्या होत. 'ड्राफ्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वार्षिक खेळाडू-निवडीच्या सुमारे दोन महिने आधी या चाचण्या होतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे शिबिर 'एनएफएल स्काउटिंग कंबाइन' हे असून ते १९८७ पासून इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस शहरात भरते. तेथे दरवर्षी तीनशेहून अधिक खेळाडूंना निमंत्रण दिले जाते.

या चाचण्यांतील गुणांवरून खेळाडूच्या पुढील व्यावसायिक यशाचे भाकीत करता येते का, हा क्रीडाविज्ञान, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही क्षेत्रांतील अभ्यासकांचा विषय ठरला आहे. आजवरच्या संशोधनाचा कल असा की, चाचण्यांचा खेळाडूच्या निवडक्रमाशी संबंध स्पष्ट दिसतो. प्रत्यक्ष मैदानावरील कामगिरीशी असलेला संबंध मात्र क्षीण असून तो खेळाडूच्या जागेनुसार बदलतो. तथापि, संबंध क्षीण आहे याचा अर्थ वेग किंवा ताकद यांना या खेळात महत्त्व नाही असा होत नाही. हा फरक समजण्यासाठी चाचण्या कोणाच्या घेतल्या जातात आणि यश कसे मोजले जाते, या दोन्ही बाबी विचारात घ्याव्या लागतात.

या लेखात 'फुटबॉल' ही संज्ञा अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरली आहे. भारतात फुटबॉल या नावाने परिचित असलेला खेळ वेगळा आहे.

## पार्श्वभूमी

एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूला आपला पहिला संघ स्वतः निवडता येत नाही. संघच क्रमाने खेळाडूंची निवड करतात. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांच्या प्रस्तावावरून ही पद्धत सुरू झाली आणि पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फिया येथे झाला. आधीच्या हंगामात सर्वांत खराब कामगिरी करणाऱ्या संघाला निवडीचा पहिला मान द्यावा, म्हणजे कालांतराने संघांचे बळ समतोल राहील, हे या पद्धतीमागील तत्त्व होय. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडलेला जे बरवँगर हा खेळाडू एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

१९९४ पासून ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात आणि त्यांत सुमारे अडीचशे खेळाडू निवडले जातात. निवडीचे क्रमांक संघांना आपापसांत देता-घेता येतात. त्यामुळे प्रत्येक क्रमांकाला एक प्रकारचे बाजारमूल्य असते आणि चुकीची निवड झाल्यास संघाचे नुकसान केवळ एका खेळाडूपुरते मर्यादित राहत नाही.

महाविद्यालयीन सामन्यांतील कामगिरीवरून खेळाडूंची तुलना करणे अवघड असते. महाविद्यालयांच्या संघांची संख्या मोठी आहे, त्यांच्या खेळण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जातही मोठी तफावत असते. दुबळ्या संघांविरुद्ध मिळवलेले यश आणि बलाढ्य संघांविरुद्ध मिळवलेले यश एका मापाने मोजता येत नाही. सर्व खेळाडूंना एकाच ठिकाणी, एकाच पृष्ठभागावर, त्याच कसोट्यांना सामोरे जायला लावले तर तुलनेला समान आधार मिळेल, या अपेक्षेतून निवडपूर्व चाचण्यांचा प्रसार झाला.

## इतिहास

सुरुवातीच्या काळात प्रत्येक संघ खेळाडूंना स्वतंत्रपणे बोलावून त्यांची तपासणी करत असे. एकाच खेळाडूला अनेक शहरांत जाऊन त्याच वैद्यकीय तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागत. डॅलस काउबॉइज संघाचे अध्यक्ष टेक्स श्रॅम यांनी ही तपासणी एकत्रितपणे करण्याची कल्पना मांडली. त्यानुसार 'नॅशनल फुटबॉल स्काउटिंग' या संस्थेने १९८२ साली फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा येथे पहिले शिबिर भरवले. त्यात १६३ खेळाडू सहभागी झाले होते. वैद्यकीय माहिती एकाच वेळी सर्व सदस्य संघांना उपलब्ध करून देणे हा या शिबिराचा प्रमुख हेतू होता.

पुढील काळात इतर निरीक्षक संस्थांनीही आपापली शिबिरे सुरू केली. खर्च वाचवण्यासाठी १९८५ मध्ये ही शिबिरे एकत्र करण्यात आली. काही वर्षे वेगवेगळ्या शहरांत फिरल्यानंतर १९८७ पासून शिबिर इंडियानापोलिस येथे स्थिरावले. तेथील जुन्या झाकलेल्या क्रीडागाराच्या जागी नवे ल्युकस ऑइल स्टेडियम उभे राहिल्यावर २००९ पासून चाचण्या तेथे होऊ लागल्या. कोविड-१९ साथीमुळे २०२१ मध्ये इंडियानापोलिस येथील मैदानी चाचण्या रद्द झाल्या. त्या वर्षी संघांना महाविद्यालयांनी आपल्या आवारात घेतलेल्या चाचण्यांवर अवलंबून राहावे लागले. अशा चाचणीदिनांना 'प्रो डे' म्हणतात.

मूळ हेतू वैद्यकीय असला तरी दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपणामुळे धावणे आणि उड्या मारणे हाच भाग लोकांच्या परिचयाचा झाला. संघांच्या दृष्टीने आजही वैद्यकीय तपासणी आणि प्रत्यक्ष मुलाखती यांचे महत्त्व मोठे आहे.

## चाचण्यांचे स्वरूप

कंबाइनमध्ये खेळाडूची उंची, वजन, हाताची लांबी आणि पंजाची रुंदी मोजली जाते. त्यानंतर पुढील प्रमुख शारीरिक चाचण्या होतात:

- ४० यार्ड धाव: ३६.५८ मीटर सरळ रेषेत धावण्यास लागणारा वेळ. पहिल्या १० आणि २० यार्डांची वेळही स्वतंत्रपणे नोंदवली जाते. विद्युत-साहाय्यित वेळनोंदीत २०२४ मध्ये झेवियर वर्दी याने नोंदवलेली ४.२१ सेकंद ही कंबाइनमधील सर्वोत्तम वेळ आहे. त्याआधीचा विक्रम जॉन रॉस याच्या नावावर होता (४.२२ सेकंद, २०१७).
- बाकावरील वजन उचल: बाकावर उताणे पडून २२५ पौंड (सुमारे १०२ किलोग्रॅम) वजन जास्तीत जास्त वेळा छातीपासून वर ढकलणे.
- उभी उडी: जागेवरून सरळ वर मारलेल्या उडीची उंची.
- लांब उडी: धाव न घेता जागेवरून पुढे मारलेल्या उडीचे अंतर. बायरन जोन्स याने २०१५ मध्ये १२ फूट ३ इंच (३.७३ मीटर) उडी मारली.
- तीन शंकूंची चाचणी: काटकोनात पाच-पाच यार्डांवर ठेवलेल्या तीन शंकूंभोवती ठरावीक क्रमाने धावणे. यात वळण्याची आणि दिशा बदलण्याची क्षमता दिसते.
- २० यार्ड फेरधाव: एका बाजूला ५ यार्ड, उलट दिशेला १० यार्ड आणि पुन्हा ५ यार्ड धावणे.

यांशिवाय प्रत्येक जागेच्या खेळाडूंकडून त्यांच्या कामाशी संबंधित कवायती करून घेतल्या जातात. उदाहरणार्थ, क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून आक्रमणाचे संचालन करणारा खेळाडू विविध अंतरांवर चेंडू फेकून दाखवतो, तर वाइड रिसीव्हर म्हणजे दूरवर धावत जाऊन चेंडू झेलणारा खेळाडू झेल घेऊन दाखवतो. या कवायतींचे मूल्यमापन मुख्यतः निरीक्षकांच्या नजरेवर अवलंबून असते.

१९७० च्या दशकापासून काही संघ 'वंडरलिक' ही बौद्धिक चाचणीही वापरत असत. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न असे तिचे स्वरूप होते. पुढे ती कंबाइनचा भाग झाली. २०२२ पासून कंबाइनमध्ये ती घेतली जात नाही.

## मोजमापाच्या मर्यादा

एखाद्या चाचणीची उपयुक्तता दोन कसोट्यांवर ठरते. तीच व्यक्ती पुन्हा चाचणीला बसल्यास जवळपास तोच निकाल येणे म्हणजे विश्वसनीयता; आणि जे मोजायचे आहे तेच चाचणीने मोजणे म्हणजे यथार्थता. कंबाइनमधील बहुतेक चाचण्यांची विश्वसनीयता बरी आहे. वाद आहे तो यथार्थतेबद्दल.

४० यार्ड धावेची वेळ खेळाडूच्या पहिल्या हालचालीपासून मोजली जाते. ॲथलेटिक्समधील शर्यतीप्रमाणे ती पिस्तुलाच्या आवाजापासून मोजली जात नाही. त्यामुळे प्रतिक्रियेला लागणारा वेळ तीत धरला जात नाही आणि दोन्ही प्रकारच्या नोंदींची थेट तुलना करता येत नाही. केवळ हातातील घड्याळावर घेतलेल्या जुन्या नोंदी याहूनही कमी भरवशाच्या असतात. बो जॅक्सन याने १९८६ मध्ये ४.१२ सेकंदांत हे अंतर पार केल्याची नोंद नेहमी सांगितली जाते. ती हातघड्याळावरील असल्याने विक्रमात धरली जात नाही.

खुद्द ४० यार्ड या अंतराचा संबंध चेंडू पायाने दूर उडवण्याच्या डावाशी जोडला जातो. साधारण तेवढे अंतर जाणारा चेंडू हवेत जवळपास साडेचार सेकंद असतो, तेवढ्या वेळात खेळाडू तेथे पोहोचतो का हे पाहण्यासाठी प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी हे अंतर निवडले, असे सांगितले जाते. प्रत्यक्ष खेळात मात्र शिरस्त्राण आणि खांद्यांचे कवच यांविना, कोणताही अडथळा नसताना, सरळ रेषेत ४० यार्ड धावण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आघाडीच्या फळीतील भारी वजनाच्या खेळाडूंना बहुतेक डावांत काही पावलेच टाकावी लागतात; म्हणून त्यांच्या बाबतीत पहिल्या दहा यार्डांची वेळ अधिक अर्थपूर्ण मानली जाते. वजन उचलण्याच्या चाचणीतही लांब हातांच्या खेळाडूला वजन अधिक अंतर ढकलावे लागते. गंमत अशी की, आघाडीच्या फळीत लांब हात हा गुणच समजला जातो.

दुसरी मर्यादा विशेष सरावाची आहे. बहुतेक खेळाडू महाविद्यालयीन हंगाम संपताच केवळ या चाचण्यांसाठी काही आठवडे खास प्रशिक्षण घेतात. धाव सुरू करण्याची पवित्रा, शंकूंभोवतीची पावले, उडीपूर्वीचा हातांचा झोका यांचा सराव करून गुण वाढवता येतात. अशा वेळी चाचणीतील सुधारणा ही खेळातील सुधारणा असतेच असे नाही. एखादे मापच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम या संदर्भात लागू पडतो.

## संशोधन

### चाचण्या आणि निवडक्रम

२००० च्या दशकापासून झालेल्या अनेक अभ्यासांत निवडले गेलेले आणि न निवडले गेलेले खेळाडू यांच्या चाचणीगुणांची तुलना करण्यात आली. २००४ आणि २००५ च्या ड्राफ्टवर आधारित व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निवडले गेलेले खेळाडू ४० यार्ड धावेसह अनेक चाचण्यांत सरस असल्याचे आढळले. त्याआधी २००३ मध्ये मॅक्गी आणि बर्केट यांनी कंबाइनमधील निकालांवरून निवडक्रमाचा अंदाज बांधता येतो का हे तपासले. रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर आणि बचावाच्या मागील फळीतील खेळाडू यांच्या बाबतीत हा अंदाज चांगला बांधता येतो, असे त्यांना दिसले. थोडक्यात, संघ या गुणांकडे गांभीर्याने पाहतात.

### चाचण्या आणि प्रत्यक्ष कामगिरी

निवडीचा अंदाज बांधता येणे आणि यशाचा अंदाज बांधता येणे या भिन्न गोष्टी आहेत. फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर ॲडम्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९९ ते २००४ या काळात निवडलेल्या क्वार्टरबॅक, रनिंग बॅक आणि वाइड रिसीव्हर यांचे चाचणीगुण त्यांच्या पुढील कामगिरीशी ताडून पाहिले. रनिंग बॅकच्या धावेच्या वेळा वगळता चाचणीगुण आणि यश यांच्यात कोणताही सातत्यपूर्ण सांख्यिकीय संबंध त्यांना आढळला नाही.

ब्रायन लायन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये महाविद्यालयीन कामगिरी आणि शारीरिक चाचण्या यांच्या भाकीतक्षमतेची तुलना केली. पुढील यशाशी महाविद्यालयीन कामगिरीचा संबंध शारीरिक चाचण्यांपेक्षा अधिक दृढ असल्याचे त्यांनी दाखवले. उमेदवाराने पूर्वी तेच काम कसे केले हे पाहणे सुट्या क्षमता मोजण्यापेक्षा उपयुक्त ठरते, या कर्मचारी-निवडीच्या मानसशास्त्रातील विचाराशी हा निष्कर्ष जुळतो.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी २०११ मध्ये क्वार्टरबॅकच्या निवडीचा अभ्यास केला. उंची, धावेचा वेग आणि बौद्धिक चाचणीतील गुण यांचा निवडक्रमावर परिणाम होतो, परंतु पुढील कामगिरीशी त्यांचा संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या गुणांमुळे खेळाडूला वरचा क्रमांक मिळतो ते गुण आणि ज्यांमुळे तो सामने जिंकून देतो ते गुण एकच नसावेत, असे यातून सूचित होते.

### बौद्धिक चाचणी

लायन्स, हॉफमन आणि मिशेल यांनी २००९ मध्ये तीन ड्राफ्टमधील ७६२ खेळाडूंचे वंडरलिक गुण तपासले. एकंदर कामगिरीशी या गुणांचा संबंध जवळपास शून्य होता. बहुतेक व्यवसायांत बौद्धिक चाचण्यांना भाकीतमूल्य असल्याचे औद्योगिक मानसशास्त्रात मानले जाते. म्हणून हा निष्कर्ष लक्षवेधी ठरला. सेकंदाच्या अंशात समोरच्या फळीचा डाव ओळखणे आणि कागदावरील कोडी सोडवणे यांत फरक आहे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

## संबंध क्षीण दिसण्याची कारणे

अभ्यासांत आढळणारा क्षीण सहसंबंध शब्दशः घेतल्यास 'वेगाला महत्त्व नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. संख्याशास्त्रीय दृष्टीने त्यामागे पुढील कारणे आहेत.

व्याप्तीचे आकुंचन: कंबाइनला निमंत्रित होणारा खेळाडू शालेय व महाविद्यालयीन पातळीवरील अनेक गाळण्यांतून पार झालेला असतो. अमेरिकेतील सर्व तरुणांची ४० यार्ड धाव घेतली आणि त्यांतील कोण व्यावसायिक खेळाडू होईल असे विचारले, तर वेगावरून उत्तम भाकीत करता येईल. परंतु मुळातच अत्यंत वेगवान असलेल्या तीनशे जणांत ४.४५ आणि ४.५२ सेकंद यांतील फरकाने फारसे काही ठरत नाही. ज्या गटात सर्वांकडेच एखादा गुण भरपूर असतो, त्या गटात तो गुण यश आणि अपयश वेगळे करून दाखवू शकत नाही.

गुणांची भरपाई: चाचणीत मागे पडूनही वरच्या फेरीत निवडला जाणारा खेळाडू दुसऱ्या एखाद्या बाबतीत असामान्य असतो, अन्यथा त्याची निवडच झाली नसती. उलट, चाचणीत चमकलेला खेळाडू इतर बाबतीत सामान्य असूनही निवडला जाऊ शकतो. त्यामुळे केवळ निवडलेल्या खेळाडूंचा अभ्यास केला की वेग आणि यश यांतील संबंध प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

संधीतील विषमता: वरच्या क्रमांकाच्या खेळाडूवर संघाने मोठी गुंतवणूक केलेली असल्याने त्याला अधिक सामने आणि अधिक काळ संधी मिळते. शेवटच्या फेरीतील किंवा न निवडला गेलेला खेळाडू एखाद्या चुकीनंतर संघाबाहेर जाऊ शकतो. परिणामी खेळलेल्या सामन्यांची संख्या हे यशाचे माप मानल्यास चाचण्यांची भाकीतक्षमता आहे त्यापेक्षा जास्त दिसण्याचा धोका असतो. म्हणजे काही कारणांनी संबंध कमी दिसतो, तर या कारणाने तो वाढलेला दिसतो.

यशाच्या मापाची अडचण: रनिंग बॅकने कापलेले यार्ड मोजता येतात, परंतु आघाडीच्या फळीतील रक्षकाने किती हल्ले थोपवले याची अधिकृत आकडेवारी नसते. काही अभ्यासक मानाच्या संघांतील निवड किंवा कारकीर्दीची लांबी वापरतात, तर काही जण सर्व जागांच्या खेळाडूंचे योगदान एका आकड्यात मांडणारे 'ॲप्रॉक्सिमेट व्हॅल्यू' हे माप वापरतात. माप बदलले की निष्कर्षही बदलू शकतो.

अपूर्ण माहिती: सर्व खेळाडू सर्व चाचण्या देत नाहीत. आघाडीचे खेळाडू, विशेषतः क्वार्टरबॅक, गमावण्यासारखे बरेच असल्याने चाचण्या टाळतात. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या केलेब विल्यम्स याने त्या वर्षीच्या कंबाइनमध्ये मैदानी चाचण्या दिल्या नव्हत्या. अशा खेळाडूंचे गुण उपलब्ध नसल्याने अभ्यासातील नमुना एकतर्फी होतो.

याशिवाय प्रशिक्षक, संघाची खेळण्याची पद्धत, सहकाऱ्यांचा दर्जा आणि दुखापती या बाबी चाचणीच्या कक्षेबाहेर राहतात. ०.३ इतका सहसंबंध सामाजिक शास्त्रांत बरा मानला जातो. तरीही त्यातून कामगिरीतील फरकाचा केवळ ९ टक्के भाग स्पष्ट होतो.

## उल्लेखनीय उदाहरणे

एकेकट्या खेळाडूंच्या उदाहरणांनी कोणतीही बाजू सिद्ध होत नाही. तथापि या विषयावरील चर्चेत पुढील उदाहरणे वारंवार येतात.

टॉम ब्रेडी याने २००० सालच्या कंबाइनमध्ये ४० यार्डांसाठी ५.२८ सेकंद घेतले आणि त्याची उभी उडी २४.५ इंच (सुमारे ६२ सेंटिमीटर) भरली. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने त्याला सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर निवडले. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढे त्याने सात सुपर बोल विजेतेपदे मिळवली. वाइड रिसीव्हर अँक्वान बोल्डिन याने २००३ मध्ये सुमारे ४.७ सेकंद अशी त्याच्या जागेसाठी संथ वेळ नोंदवली आणि तो ५४ व्या क्रमांकापर्यंत घसरला. पहिल्याच व्यावसायिक सामन्यात त्याने २१७ यार्ड मिळवले आणि त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा मान पटकावला.

याउलट माइक मामुला याचे नाव चाचण्यांत चमकून अपेक्षापूर्ती न करणाऱ्या खेळाडूंसाठी जणू सामान्यनाम झाले आहे. १९९५ मध्ये विशेष सराव करून उतरलेल्या मामुलाने ४.५८ सेकंदांची धाव घेतली. फिलाडेल्फिया ईगल्सने १२ व्या क्रमांकासह आणखी निवडी देऊन ७ वा क्रमांक मिळवला आणि त्याला घेतले. त्याच १२ व्या क्रमांकावर टॅम्पा बे बकानियर्सने वॉरन सॅपची निवड केली. सॅपला २०१३ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. मामुलाची कारकीर्द अगदीच निष्फळ नव्हती, परंतु मोजलेली किंमत आणि मिळालेले फळ यांचा मेळ बसला नाही. व्हर्नन घोल्स्टन याने २००८ मध्ये २२५ पौंड वजन ३७ वेळा उचलले आणि न्यू यॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे, म्हणजे 'सॅक', हे ज्याचे मुख्य काम, त्या घोल्स्टनला जेट्सकडील तीन हंगामांत एकही सॅक मिळवता आला नाही.

चाचण्यांनी योग्य दिशा दाखवल्याची उदाहरणेही आहेत. क्रिस जॉन्सन याने २००८ मध्ये ४.२४ सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवली, टेनेसी टायटन्सने त्याला २४ व्या क्रमांकावर घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याने एका हंगामात २,००६ यार्ड धावून काढले. ॲरन डोनाल्ड आपल्या जागेच्या मानाने बुटका समजला जात असे. २०१४ च्या कंबाइनमध्ये २८५ पौंड (सुमारे १२९ किलोग्रॅम) वजन असताना त्याने ४.६८ सेकंदांत ४० यार्ड पार केले. १३ व्या क्रमांकावर निवडला गेलेला डोनाल्ड तीन वेळा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच्या बाबतीत उंचीच्या मापाने संघांना दुसरीकडे नेले आणि वेगाच्या मापाने खरे बळ दाखवले, असे म्हणता येते.

## जागेनुसार उपयोग

फुटबॉलमधील वेगवेगळ्या जागांसाठी लागणारे गुण अत्यंत भिन्न असल्याने सर्व खेळाडूंना एकच निकष लावता येत नाही. रनिंग बॅक आणि क्वार्टरबॅकवर बाहेरून हल्ला चढवणारे बचावपटू यांच्या बाबतीत वेग आणि स्फोटक ताकद यांच्या मापांना काही भाकीतमूल्य असल्याचे दिसते. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते सर्वांत कमी आहे. कारण समोरचा बचाव ओळखणे, योग्य वेळी निर्णय घेणे आणि अचूक फेक करणे हे त्याचे मुख्य गुण कोणत्याही शर्यतीत दिसत नाहीत.

सुटे गुण पाहण्यापेक्षा ते एकत्र करून पाहण्याचाही प्रयत्न झाला आहे. बिल बार्नवेल यांनी २००८ मध्ये मांडलेला 'स्पीड स्कोअर' रनिंग बॅकच्या धावेची वेळ त्याच्या वजनाच्या संदर्भात तपासतो. हलक्या खेळाडूने ४.५ सेकंदांत धावणे आणि भारी खेळाडूने तेवढ्याच वेळात धावणे सारखे नाही, ही त्यामागील कल्पना होय.

## आर्थिक परिणाम

निवडक्रमावर खेळाडूचे पहिले वेतन अवलंबून असल्याने चाचणीतील सेकंदाच्या दशांशालाही पैशांचे मोल येते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. २०११ च्या सामूहिक करारानुसार नवोदितांचे वेतन निवडक्रमाशी बांधले गेले आणि त्या वर्षी पहिल्या क्रमांकावरील कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार सुमारे २ कोटी २० लाख डॉलरचा झाला. फुटबॉलपटूंची व्यावसायिक कारकीर्द बहुधा थोडक्या वर्षांची असते. त्यामुळे अनेकांच्या बाबतीत हा पहिला करारच शेवटचा ठरतो आणि एका दुपारच्या चाचणीचा परिणाम आयुष्यभराच्या कमाईवर होतो.

केड मॅसी आणि नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संघ वरच्या क्रमांकांना वाजवीपेक्षा अधिक किंमत देतात असे दाखवले. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून थोडीच जास्त असल्याचे त्यांना आढळले. अधिक माहिती जमा झाली की निर्णय घेणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढतो, पण अचूकता त्या प्रमाणात वाढत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे एक सूत्र आहे.

## टीका आणि बदल

खेळाडूंचे शरीर मोजून-मापून, तराजूवर तोलून संघमालकांपुढे मांडण्याची ही पद्धत अवमानकारक असल्याची टीका होत आली आहे. एनएफएलमधील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असल्याने या टीकेला अमेरिकेतील गुलामगिरीच्या इतिहासाचा संदर्भ मिळतो. मुलाखतींत विचारले जाणारे खासगी स्वरूपाचे प्रश्नही वादग्रस्त ठरले आहेत. खेळाडू संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी खेळाडूंना कंबाइनमध्ये सहभागी न होण्याचा सल्ला दिल्याचीही उदाहरणे आहेत.

संघांच्या दृष्टिकोनातही बदल होत आहे. लॉस एंजेलस रॅम्ससारख्या संघाने अलीकडच्या काही वर्षांत मुख्य प्रशिक्षकाला शिबिरास न पाठवता सामन्यांच्या चित्रफितींवर अधिक भर दिला. एनएफएलच्या सामन्यांत खेळाडूंच्या खांद्यांच्या कवचात बसवलेल्या संवेदकांमुळे प्रत्यक्ष खेळातील वेग आणि प्रवेग मोजता येतो. महाविद्यालयीन पातळीवरही अशी साधने वापरली जात असल्याने, स्वतंत्र शर्यतीपेक्षा सामन्यातील हालचालींवरून अंदाज बांधण्याकडे कल वाढला आहे.

अभ्यासकांच्या मते चाचण्यांचा उचित उपयोग निवडीपेक्षा तपासणीसाठी होतो. सामन्यांच्या चित्रफितींवरून बनलेले मत आणि चाचणीचा निकाल जुळत नसल्यास निरीक्षकाने चित्रफीत पुन्हा पाहावी, आणि किमान शारीरिक पात्रतेखाली असलेल्या उमेदवाराबाबत सावध राहावे. त्या किमान पातळीच्या वर असलेल्या खेळाडूंमध्ये सेकंदाच्या शतांशावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यास उपलब्ध संशोधनाचा आधार मिळत नाही.